वाचनालयासाठी घेतलेला बारकोड स्कॅनर: तीन महिने वापरून, डिकोडरच्या सेटिंगसकट

तीन महिने झाले हा स्कॅनर वापरतोय, वाचनालयाच्या काउंटरवर आणि मागे कपाटांमध्ये पुस्तकं मोजायला, दोन्हीकडे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. वायरवाला आहे, टू-डी इमेजर, म्हणजे लेझरऐवजी कोडचा फोटो काढून वाचणारा, सोबत स्टँड, डिकोडर, म्हणजे पट्ट्यांचे आकडे करणारा भाग, आतच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रारीही करणारे, आणि खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या स्कॅनरला लागू पडेल.

आधी निकाल सांगतो. वाचतो झकास, चुरगळलेलं लेबल, पिवळं पडलेलं लेबल, प्लॅस्टिकच्या कव्हरखालचं लेबल, सगळं उचलतो. पण पेटीतून काढला, लावला आणि कामाला लागला असं अजिबात होत नाही. आमच्या कामाला जुळवून घ्यायला माझे दोन पूर्ण दिवस गेले आणि त्यानंतरही महिनाभर काही ना काही निघत राहिलं. मॅन्युअल वाईट आहे. ५ पैकी ४ तारे देतोय.

आमच्याकडे आधी जी लेझर गन होती तिच्यात डिकोडर नव्हताच. गन फक्त काळं-पांढरं, काळं-पांढरं असे सिग्नल पाठवायची आणि कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक छोटा डबा बसवलेला असायचा, तो त्या पट्ट्यांची रुंदी मोजून त्याचे आकडे करायचा आणि जणू कुणीतरी कीबोर्डवर टाइप करतंय असं कॉम्प्युटरला भासवायचा. तो डबा म्हणजे डिकोडर. जुन्या गोल पिनच्या कीबोर्ड पोर्टवर चालायचा, कॉम्प्युटर बदलला आणि पोर्टच गेलं, कन्व्हर्टर लावून पाहिला तर मधलेच आकडे गायब व्हायला लागले, म्हणून मग नवीन घेतला. आता सगळ्या स्कॅनरमध्ये हा डबा आतच चिपच्या रूपात असतो त्यामुळे तो आहे हेच लोक विसरतात. किती लांबून वाचतो, सेकंदाला किती वाचतो, एवढं विचारतात आणि घेऊन येतात. पण हा कुठल्या प्रकारचा कोड आहे, आकडे बरोबर आहेत का, त्यातलं काय पाठवायचं, कसं पाठवायचं, पाठवून झाल्यावर एंटर मारायचा की टॅब, हे सगळं डिकोडर ठरवतो आणि रोजचं काम त्याच्यावरच चालतं. घ्यायच्या आधी मॅन्युअलची पीडीएफ मागवून त्यात कुठली सेटिंग बदलता येतात ते बघा असं मी तर प्रत्येकाला सांगेन.

टू-डी का घेतला तर काही सभासद कार्डाचा फोटो मोबाइलवर दाखवतात आणि लेझरला स्क्रीनवरचा कोड वाचता येत नव्हता, इमेजर फोटोच काढतो म्हणून त्याला जमतं. शिवाय बारकोडचे जागतिक नियम ठरवणाऱ्या जीएसवन संस्थेनं २०२७ च्या अखेरपर्यंत दुकानांच्या काउंटरवर क्यूआरसारखे टू-डी कोडही वाचले जावेत असं लक्ष्य ठेवलंय, म्हणजे पुढे पुस्तकांवरही तेच येऊ शकतं.

आता सेटिंग. यूएसबी लावली की स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणून सांगतो, ड्रायव्हर काही लागत नाही. पहिली चाचणी नेहमी नोटपॅडमध्ये करा, थेट सॉफ्टवेअरमध्ये नको, कारण सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं तर चूक स्कॅनरची की सॉफ्टवेअरची हे कळत नाही. नोटपॅडमध्ये आकडे आले पण सगळे एकाच ओळीत एकमेकांना चिकटून, म्हणजे शेवटी एंटर जातच नव्हता. सेटिंग बदलायची पद्धत म्हणजे मॅन्युअलमध्ये छापलेले खास बारकोड स्कॅन करायचे, आधी सेटअप सुरू, मग हवा तो पर्याय, मग सेटअप बंद, प्रत्येक वेळी दोनदा बीप वाजला की झालं. मी सफिक्समध्ये, म्हणजे कोडच्या शेवटी जोडून जे जातं त्यात, कॅरेज रिटर्न (म्हणजे एंटर) आणि लाइन फीड (पुढच्या ओळीवर जा) असा जोडीचा पर्याय घेतला आणि तिथेच फसलो. नोटपॅडमध्ये सगळं छान, पण आमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं आणि प्रत्येक स्कॅनला डाउनलोडची यादी उघडायला लागली. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर कळलं की कीबोर्ड मोडमध्ये लाइन फीड हे कंट्रोल-जे ह्या कळा दाबल्यासारखं जातं, आणि क्रोममध्ये कंट्रोल-जे म्हणजे डाउनलोड उघडा. सफिक्स फक्त कॅरेज रिटर्न केला, थांबलं. तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधलं असेल तर हे लक्षात ठेवाच.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांचा प्रश्न. मागच्या कव्हरवरचा कोड म्हणजे तेरा आकडी ईएएन, दुकानातल्या मालावर असतो तोच प्रकार, ९७८ नं सुरू होणारा, तोच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. आमच्या स्कॅनरमध्ये आयएसबीएन कन्व्हर्जन नावाचं सेटिंग आधीपासून चालू होतं, त्यामुळे डिकोडर तेरा आकडी कोड वाचायचा, ९७८ काढून टाकायचा, शेवटचा तपासणीचा आकडा नव्यानं काढायचा आणि दहा आकडी जुना नंबर पाठवायचा. आमच्या नोंदी सगळ्या तेरा आकडी, त्यामुळे समोर शेल्फवर असलेलं पुस्तक सॉफ्टवेअर म्हणतंय सापडत नाही. काउंटरवरच्या ताईंनी अशी चाळीसेक पुस्तकं नोंद नाही म्हणून बाजूला काढून ठेवली होती, सगळी नोंदलेलीच होती. ९७९ नं सुरू होणाऱ्या पुस्तकांना तर दहा आकडी रूपच नसतं, ती तेवढी बरोबर यायची आणि त्यामुळे गोंधळ अजून वाढला, काही पुस्तकं सापडतात काही नाही, ताळमेळच लागेना. हे सेटिंग बंद करा. पेटीतून येतानाच चालू ठेवायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशी पुस्तकांवर मुख्य कोडच्या उजवीकडे अजून एक छोटा पाच आकडी कोड असतो, किमतीचा. डिकोडरमध्ये त्याला ॲड-ऑन म्हणतात, त्याला तीन पर्याय असतात, दुर्लक्ष कर, असला तर घे, किंवा असल्याशिवाय वाचूच नको. दुर्लक्ष ठेवा.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकांची नावं आम्ही मराठीत टाइप करतो, इनस्क्रिप्ट ह्या भारतीय भाषांच्या ठरलेल्या कीबोर्डवर. स्कॅनर अक्षरं पाठवत नाही, तो कीबोर्डच्या कळा पाठवतो, अमुक कळ दाबली असं सांगतो, आणि त्या कळेचं अक्षर कुठलं हे विंडोज ठरवतं. म्हणजे भाषा मराठीवर असताना तुम्ही लेबल स्कॅन केलं तर लेबलवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत के-एल असेल आणि पडद्यावर खथ उमटेल, कारण शिफ्ट दाबून के म्हणजे ख आणि शिफ्ट दाबून एल म्हणजे थ. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्हाला वाटलं स्कॅनरच बिघडला, दुकानदारालाही फोन केला, तो म्हणाला बदलून देतो. बदलून काही झालं नसतं, दुसऱ्यानंही तेच केलं असतं. ह्याच्यावर तीन उपाय आहेत. एक, स्कॅन करायच्या आधी भाषा इंग्रजीवर आणायची, पण दिवसातून शंभर वेळा कोण करणार आणि एकदा विसरलं की चुकीची नोंद. दोन, कीबोर्ड मोड सोडून स्कॅनर व्हर्च्युअल कॉम पोर्टवर टाकायचा, म्हणजे कळा न पाठवता तो सरळ अक्षरंच पाठवतो, विंडोज १० पासून त्याला ड्रायव्हर आपोआप लागतो आणि मग भाषेचा संबंधच राहत नाही, पण सॉफ्टवेअरला त्या पोर्टवरून वाचता आलं पाहिजे आणि आमचं ब्राउझरमधलं, सरळसरळ जमत नव्हतं. तीन, आल्ट मोड. ह्यात डिकोडर प्रत्येक अक्षरासाठी आल्ट दाबून नंबरपॅडवर त्या अक्षराचा कोड टाइप करतो, विंडोज भाषा न बघता तेच अक्षर देतं. आम्ही हाच ठेवलाय. हळू आहे, आकडे एकेक करून येताना डोळ्याला दिसतात, पण भाषा कुठलीही असो, चुकत नाही. मॅन्युअलमध्ये ह्याच्यावर एक ओळ आहे आणि ती वाचून कुणालाच काही कळणार नाही. जगात इतक्या लिप्यांमध्ये लोक काम करतात आणि हे सेटिंग असं कोपऱ्यात लपवलंय, ह्याचा मला खरंच राग आला.

कॅप्स लॉकचंही असंच. चालू राहिला तर मोठी अक्षरं छोटी होऊन जातात, त्यासाठी कॅप्स लॉककडे दुर्लक्ष कर असा पर्याय असतो तो लावून टाका.

आमची जुनी लेबलं तीन प्रकारच्या बारकोडची आहेत, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी छापलेली. दाखल क्रमांकाची कोड ३९ मध्ये, सभासद कार्डं कोडाबारमध्ये, आणि मधल्या काळातली हजारभर पुस्तकं इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्हमध्ये. प्रत्येकानं आपापला त्रास दिला.

कोडाबारच्या दोन्ही टोकांना ए, बी, सी, डी पैकी एकेक अक्षर असतं, ते सुरुवात आणि शेवट दाखवायला, डिकोडरनं ते पाठवायचं नसतं पण आमचा पाठवत होता, स्टार्ट-स्टॉप पाठवू नको असं सेटिंग केलं, पाच मिनिटांत मिटलं.

कोड ३९ मध्ये मूळ ४३ च अक्षरं असतात, आकडे, मोठी इंग्रजी अक्षरं आणि थोडी चिन्हं. छोटी अक्षरं वगैरे हवी असतील तर दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून भागवतात, त्याला फुल आस्की म्हणतात. डिकोडरमध्ये फुल आस्की चालू असेल तर तिरकी रेघ आणि पुढे ए आला की तो ते उद्गारचिन्ह समजतो. आता आमच्या जुन्या ग्रंथपालांनी दुसऱ्या प्रतींना दाखल क्रमांकानंतर तिरकी रेघ देऊन ए, बी असं लिहिलेलं! म्हणजे पहिली प्रत बरोबर आणि दुसरी प्रत उद्गारचिन्हासकट, तिसरी प्रत अवतरणचिन्हासकट. फुल आस्की बंद केल्यावर सगळ्या प्रती जागेवर आल्या. तुमच्या लेबलांमध्ये तिरकी रेघ, अधिकचं चिन्ह, डॉलर किंवा टक्के असतील तर हे नक्की तपासा.

आणि तिसरा, इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह, हा खरा धोकादायक. ह्यात आकडे जोडीजोडीनं येतात, एक काळ्या पट्ट्यांमध्ये आणि एक मधल्या पांढऱ्या जागेत, जागा कमी लागते म्हणून पूर्वी लोकप्रिय होता. पण सुरुवातीची आणि शेवटची खूण इतकी साधी आहे की कोडच्या मध्येच तशी नक्षी तयार होऊ शकते, आणि लेबलचा एखादा भाग झाकला गेला, प्लॅस्टिकवर उजेड चमकला, तर डिकोडरला अर्धाच कोड पूर्ण वाटतो. आमची लेबलं आठ आकडी, आणि मोजणीच्या यादीत काही नोंदी सहा आकडी निघाल्या. बीप तसाच वाजलेला, कुणाला शंका यायचं कारणच नाही. ईएएनमध्ये असं होत नाही कारण आकड्यांची संख्या ठरलेली आणि शेवटचा आकडा बाकीच्यांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणून काढलेला असतो, जुळला नाही तर डिकोडर फेकून देतो. कोड १२८ ह्या अजून एका प्रकारातही अशी तपासणी सक्तीची. पण कोड ३९ आणि ह्या इंटरलीव्ह्डमध्ये ती ऐच्छिक, आणि आमची लेबलं छापणाऱ्यानं घातलीच नव्हती. उपाय एकच, लांबी बांधून टाका. किमान ८, कमाल ८. मग सहा आकडी काही आलं तर तो बीपच देत नाही. ह्या स्कॅनरमध्ये प्रत्येक प्रकारासाठी किमान आणि कमाल लांबी वेगवेगळी देता येते ही मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट, स्वस्तातल्या बऱ्याच स्कॅनरमध्ये ही सोय नसते किंवा सगळ्यांना मिळून एकच असते. सोबत जे प्रकार आपल्याकडे नाहीतच ते सगळे बंद करून टाका, चुकीचं वाचायची शक्यता कमी होते.

मोजणीसाठी मागच्या खोलीत लॅपटॉप आहे आणि तिथून रिमोट डेस्कटॉपनं मुख्य कॉम्प्युटरवर काम चालतं. तिथे तेरा आकड्यांपैकी कधी अकरा यायचे कधी बारा. स्कॅनर वाचतो बरोबर, पण कळा इतक्या वेगानं पाठवतो की मधलं नेटवर्क काही गाळतं. दोन अक्षरांमध्ये १० मिलिसेकंदांचा थांबा दिला, तेरा आकड्यांना मिळून जेमतेम १३० मिलिसेकंद वाढतात, माणसाला कळतही नाही, आणि गळती बंद.

एक्सेलमध्ये स्कॅन करणाऱ्यांनी आधी कॉलम टेक्स्ट करून घ्या. नाहीतर पुढची शून्यं उडतात आणि तेरा आकडी नंबर ९.७८ई+१२ असा दिसतो. हे स्कॅनरच्या माथी मारू नका, त्याचा दोष नाही.

स्टँडवर ठेवून वापरायचा तर ऑटो-सेन्स मोड आहे, पुस्तक समोर धरलं की स्वतःच वाचतो, हात मोकळे राहतात, ताईंना हे फार आवडलं. पण पुस्तक अर्धा सेकंद जास्त धरलं की दोनदा वाचायचा, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच सभासदाला दिलेलं पुस्तक परत स्कॅन केलं तर ते मुदतवाढ समजतं. आठवड्यानं सभासद तक्रार घेऊन आले की माझी मुदतवाढ संपली असं दाखवतंय, मी तर एकदाही घेतली नाही. बरोबरच होतं त्यांचं. तोच कोड परत वाचायच्या आधीचा थांबा २ सेकंद केला, आणि ज्यांच्या मुदतवाढी फुकट गेल्या होत्या त्यांच्या नोंदी हातानं दुरुस्त केल्या.

एक प्रयोग सहज म्हणून केला, घरातल्या औषधाच्या खोक्यावरचा चौकोनी डेटा मॅट्रिक्स स्कॅन केला. त्यात ०१ नंतर चौदा आकडी उत्पादन क्रमांक, १७ नंतर मुदत संपायची तारीख, १० नंतर बॅच, असं सगळं एकाच कोडमध्ये असतं. बॅचची लांबी ठरलेली नसल्यानं ती कुठे संपली हे दाखवायला मध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं, आस्की २९, आणि कीबोर्ड मोडमध्ये ते हरवतं, बॅच आणि पुढचा आकडा एकमेकांत मिसळून जातात. औषधांच्या कामासाठी घेणार असाल तर त्या चिन्हाच्या जागी उभी रेघ पाठवायचं सेटिंग आहे का बघा. ह्याच्यात आहे, चालतं.

आता तक्रारी. मॅन्युअलमध्ये एका पानावर सेटिंगचे आठ-दहा बारकोड एकमेकांना इतके चिकटून छापलेत की इमेजर शेजारचाच उचलतो. बाकीचे हातानं किंवा कागदानं झाकून एकेक स्कॅन करावा लागतो. आणि फॅक्टरी डीफॉल्टचा, म्हणजे सगळं सेटिंग कंपनीतून आलं तसं करणारा कोड पहिल्याच पानावर, सेटअप सुरू करायच्या कोडच्या बरोबर खाली. माझं सगळं सेटिंग एकदा असं पुसलं गेलं, दीड दिवसाचं काम. कुठला पर्याय मुळात चालू आहे हेही नीट छापलेलं नाही, काही पानांवर तारा आहे काही पानांवर नाही. विक्रेत्याच्या हेल्पलाइनला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा उत्तर तेच, डीफॉल्ट कोड स्कॅन करा.

म्हणून मी एक कार्ड बनवलं. मॅन्युअलच्या पीडीएफमधून आमच्या कामाचे तेवढेच कोड काढले, पूर्ण आकारात प्रिंट केले, कमी करून नाही कारण मग बारीक पट्ट्या एकमेकांत मिसळतात, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मोकळी पांढरी जागा सोडून पुठ्ठ्यावर चिकटवले, दोन कोडमध्ये चार बोटं अंतर. क्रम महत्त्वाचा. आधी डीफॉल्ट, मग यूएसबी कीबोर्ड, मग आल्ट मोड, मग सफिक्स, मग सगळे प्रकार बंद आणि त्यातले आपले चार चालू, मग लांबी, मग आयएसबीएन कन्व्हर्जन आणि फुल आस्की बंद, कोडाबारची टोकं बंद, शेवटी परत वाचायचा थांबा. डीफॉल्ट मध्येच केला तर आधीचं सगळं जातं. शेजारी मराठीत लिहिलंय कुठला कोड कशासाठी. तळाशी चार नमुना लेबलं आहेत, एक कोड ३९ तिरकी रेघवालं, एक कोडाबार, एक आठ आकडी इंटरलीव्ह्ड आणि एक पुस्तकाचा आयएसबीएन, आणि प्रत्येकाखाली पडद्यावर काय उमटलं पाहिजे ते हातानं लिहिलेलं.

मागच्या महिन्यात दुसऱ्या काउंटरसाठी ह्याच मॉडेलचा अजून एक घेतला. मी नव्हतो, ताईंनी कार्ड समोर ठेवून एकटीनंच लावला, वरून खाली एकेक कोड स्कॅन करत गेल्या, खालची चार लेबलं तपासली आणि पुस्तकं द्यायला सुरुवात केली. मला संध्याकाळी कळलं.